गवळी तलाव, नियत वयोमानानुसार

माझा पर्यावरणाचा प्रकल्प शुक्रवारी दुपारी चार वाजता सेवानिवृत्त झाला. सबमिशन सोमवारी होतं.

मला हे बुधवारी कळलं. बुधवारी मी लेखन मार्गदर्शन केंद्रात गेले ती खरं तर नुसता शिक्का घ्यायला. यंदापासून कॉलेजने नियम काढला होता की द्वितीय वर्षाचा प्रत्येक प्रकल्प आधी केंद्रात दाखवायचा, 'भाषा पाहिली' असा शिक्का घ्यायचा आणि मगच बोधनकर सरांकडे द्यायचा. सरांनी सही केली की हॉल तिकीट. सही नाही तर हॉल तिकीट नाही, हॉल तिकीट नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलेल्या मुलीला हॉस्टेलमध्ये खोली मिळत नाही, हे हॉस्टेलच्या बोर्डावरच लिहिलेलं आहे. मग मला घरी जावं लागलं असतं. घरी माझ्या जागेवर आता आईचं शिलाई मशीन आहे, आणि ते हलवण्याचा विषय काढायची माझी हिंमत नाही.

प्रकल्पाचं नाव 'गवळी तलावातील जलप्रदूषण : एक अभ्यास'. तो मला प्रांजलीताईने दिला, तिला तिच्या आधीच्या कुणीतरी. आमच्याकडे प्रकल्प असेच मिळतात. एका वर्गात एकच गवळी तलाव, एकच ओझोन, एकच सर्पमित्र, अशी वाटणी जुलैमध्येच होते, आणि त्यावरून भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बेचाळीस पानं मी स्वतःच्या अक्षरात उतरवली होती. शीर्षकं काळ्या पेनाने, मजकूर निळ्या, समासाची रेघ लाल. खाडाखोड दोनच ठिकाणी.

केंद्र जिमखान्याशेजारच्या खोलीत आहे. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि वीस मिनिटांचा गजर लावलेलं घड्याळ. भिंतीवर पाटी: 'पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहील.' हिवरेकर मॅडम हा नियम इतका पाळतात की बोलताना दोन्ही हात टेबलाखाली ठेवतात.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

"सगळं?"

"पहिलं वाक्य."

मी वाचलं. "'गवळी तलाव हे आपल्या शहराचे भूषण असून ते शहराच्या पूर्वेस निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे.'"

मॅडमनी डोळे मिटले, जुन्या ओळखीचं माणूस दारात उभं राहिल्यासारखे. "कोणत्या सालचे हे?"

मी दचकले. आता मॅडम म्हणणार, हे उतरवलेलं आहे. त्याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. "ह्याच वर्षीचं, मॅडम. मी परवाच लिहून संपवलं."

"तू परवा लिहिलंस गं. पण ते रुजू कधी झाले?"

हे पाठ नव्हतं. मॅडमनी उठून कपाट उघडलं, त्यातून एक सेवापुस्तक काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. वर लिहिलं होतं, 'गवळी तलाव (जलप्रदूषण)'. आत प्रत्येक वर्षाची नोंद होती: कुणाच्या नावाने सेवा दिली, किती गुण मिळाले, रजा किती. रजा एकही नव्हती. पहिली नोंद सन चौऱ्याण्णवची, नाव कु. नलिनी देवळे. शेवटून दुसरी प्रांजलीताई. शेवटची, 'श्रुतिका टेकाळे', म्हणजे मी.

"तीस वर्षं पूर्ण," मॅडम म्हणाल्या. "नियत वयोमानानुसार शुक्रवारी निवृत्त. मला शिक्का देता येणार नाही."

"पण मॅडम, सबमिशन सोमवारी आहे. तीन दिवसांची मुदतवाढ मिळाली तर? ओझोनला दोन वर्षं दिली होती म्हणतात."

"ओझोनचं काम शिल्लक होतं. आणि मुदतवाढीला त्यांची स्वतःची संमती लागते. विचार त्यांना."

"कुणाला?"

मॅडमनी हनुवटीने फाइलकडे खूण केली. "आणि 'तुम्ही' म्हण. तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत."

मी फाइलला विचारलं, तुम्ही तीन दिवस थांबाल का. माझा आवाज चिरका आला.

"सदर प्रकल्पकर्तीच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला," फाइल म्हणाली. आवाज खर्जातला, संमेलनात पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्यासारखा. "तथापि, उपरोक्त तलाव सन दोन हजार आठमध्ये बुजवण्यात आला आहे. तदनंतर प्रस्तुत प्रकल्प केवळ कर्तव्यभावनेने त्याच्या काठावरील हिरवळीविषयी बोलत आला. वरील विवेचनावरून असे दिसून येते की, प्रस्तुत प्रकल्प थकला आहे."

गजर वाजला. मी खुर्चीतून अर्धी उठले. मॅडम म्हणाल्या, वीस मिनिटं झाली, पण निरोप समारंभाची यादी राहिली आहे, तेवढी करून जा.

निमंत्रणं ऋणनिर्देशावरून पाठवायची असतात. मी ऋणनिर्देश उघडला आणि नावं एका कागदावर काढू लागले. तत्कालीन प्राचार्य. ते वारले, मॅडम म्हणाल्या. आईवडील. ते तीस जोड्या होतील, मॅडम म्हणाल्या, खुर्च्या पुरणार नाहीत, सोड. मग आलं: 'तसेच माझे मामा श्री. भगवंतराव सोनटक्के, ज्यांनी मला सायकलवरून तलावापर्यंत नेले, त्यांची मी आजन्म ऋणी आहे.'

"मॅडम, हे माझे मामा नाहीत."

"लिहिलंय कुणी?"

"मी. पण उतरवलंय."

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग झाले की मामा," मॅडम म्हणाल्या. "पत्ता शोध."

शुक्रवारी वाचनालयात समारंभ झाला. फाइल खुर्चीत ठेवली होती. शाल मोठी पडली म्हणून चार घड्या घालून पाठीशी दिली आणि नारळ मांडीवर म्हणजे मलपृष्ठावर ठेवला. माजी प्रकल्पकर्ते चौदा आले. एक तहसील कार्यालयात होते, एकीचं ब्युटी पार्लर होतं. प्रत्येक जण येऊन फाइलकडे निरखून बघे आणि म्हणे, "माझ्या वेळी अक्षर बारीक होतं यांचं."

प्रांजलीताई पेढे घेऊन आली. "काय गं श्रुते, तुझ्याच हातात जायचे होते का हे? मी सांगितलं होतं ना, सर्पमित्र घे म्हणून."

"सर्पमित्रात सापांची चित्रं काढायची होती, ताई. मला सापांची भीती वाटते."

"चित्रातल्या?"

मी हो म्हणाले. ती पेढा खात दुसरीकडे गेली.

सत्काराला उत्तर देताना फाइलने प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके आणि कार्यपद्धती सांगितली. निष्कर्षाला येऊन ती थांबली. मग तिने म्हटलं, "प्रस्तुत प्रकल्पाने पन्नास नागरिकांची मते घेतल्याचे नमूद केले आहे. त्यांपैकी एकाही नागरिकाची भेट झाल्याचे स्मरत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तहसीलवाल्यांनी डोळे पुसले. मग फाइलला निवृत्तांच्या कप्प्यात, 'खतनिर्मिती'च्या फाइलीशेजारी, ठेवण्यात आलं.

मी मात्र भिंतीशी उभी राहून सोमवारपर्यंतचे तास मोजत होते. माझ्याकडे आता प्रकल्प नव्हता, आणि दुसऱ्याचा मिळणं शक्य नव्हतं. वाटणी जुलैमध्ये झालेली.

"टेकाळे कोण?"

मी इतकी दचकले की पेढा हातातून पडला. समोर पांढरी टोपी घातलेले, सडपातळ, ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ उभे होते. पँटला सायकलची क्लिप होती.

"मी भगवंत सोनटक्के. तुझा मामा."

मी वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार? लिहून दिलं होतं.

मामा माझ्याशेजारच्या बाकावर बसले. "एकतीस जणांनी आभार मानलेत माझे. एकानेही नाव गाळलं नाही, जसंच्या तसं उतरवायचंच ते. नातेवाइकांत माझी केवढी पत! पण पोरी, तुला म्हणून सांगतो. मी माझ्या भाचीला, नलू देवळेला, तलावापर्यंत नेलंच नाही."

"म्हणजे?"

"निघालो होतो. जकात नाक्यापाशी चेन तुटली. ऊन केवढं! मी म्हटलं, नले, चल घरी, तलाव काय पळतोय. घरी आलो, सरबत प्यायलो. तिने मग मनानेच लिहिलं. निसर्गाची कूस वगैरे." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तीस वर्षं मी त्या आभारांना उत्तर देऊ शकलो नाही. उद्या सकाळी आठला गेटपाशी ये. चेन नवी टाकलीये."

शनिवारी आठ वाजता मी गेटपाशी होते. मामांनी मला कॅरिअरवर बसवलं. उतारावर मी डोळे मिटून घेतले, चढावर दोघं उतरून चाललो. जकात नाका आला तेव्हा मामांनी खाली वाकून चेन बघितली आणि जोरात पायडल मारलं.

जिथे तलाव होता तिथे गवळीबाबा मंगल कार्यालय आहे. त्या दिवशी लग्न नव्हतं. व्यवस्थापक ठोंबरे दात घासत बाहेर आले.

"हॉल बघायचाय? मुलगी हीच का?"

"तलाव बघायचाय," मामा म्हणाले.

ठोंबऱ्यांनी चूळ भरली. "तो जेवणाच्या हॉलमध्ये आहे. चपला बाहेर काढा."

जेवणाचा हॉल लांबलचक, फरशी शहाबादी. पहिल्या सहा ओळी कोरड्या होत्या. शेवटच्या दोन ओळींत फरशांच्या फटींतून पाणी वर येत होतं, स्वच्छ आणि गार, पायाच्या बोटांएवढं. ऐन एप्रिलमध्ये. मामा गुडघ्यावर बसले आणि कान फरशीला लावला. "आहे," ते म्हणाले. मीही लावला. खाली काहीतरी काठाला हळू लागत होतं आणि परत जात होतं.

"बारा महिने असंच," ठोंबरे म्हणाले. "तीनदा काँक्रीट ओतलं. ते जातं खाली."

"मग या ओळींत कुणी बसत नाही?" मी विचारलं.

"वा! दीडशे पानं वाया घालवू? मुलीकडच्यांना बसवतो. मुलाकडचे लगेच बोंबलतात हो, बूट भिजले, सोवळं भिजलं. मुलीकडचे काही म्हणत नाहीत. साड्या वर घेतात, जेवतात, 'छान झालं' म्हणून जातात. सोळा वर्षांत एक तक्रार नाही."

मामांनी बराच वेळ त्या पाण्यात पाय ठेवले. मग मला म्हणाले, "नेलं हं तुला. आता लिही पाहिजे तेवढे आभार."

तिथून मी सरळ केंद्रात आले. शनिवारी केंद्र दोनपर्यंत असतं. मॅडमनी गजर लावला, हात टेबलाखाली घेतले आणि विचारलं, "काय पाहिलंस?"

"तलाव आहे, मॅडम."

"कुठे?"

"फरशीखाली. वर येतो तिथे लोक जेवतात."

"कोणते लोक?"

"मुलीकडचे."

"मग हे लिही."

मी पेन उघडलं, बंद केलं. "असंच? 'वरील विवेचनावरून असे दिसून येते की' न लिहिता?"

"कुणाला दिसून आलं?"

"मला."

"मग दुसऱ्या कुणाला आलं असं का लिहायचं?"

"मी एकटीच आहे ना, मॅडम. एकटीला कोण विचारणार? पन्नास नागरिक तरी..."

"पन्नास नागरिक काल निवृत्त झाले," मॅडम म्हणाल्या.

मी कागदाकडे बघत बसले. घड्याळ टिकटिकत होतं. मला दुसऱ्याचं वाक्य समोर नसताना लिहिण्याची सवयच नाही. नुसत्या कोऱ्या कागदावर पेन टेकवताना तळहाताला घाम येतो. "सांगा ना मॅडम, सुरुवात कशी करू?"

मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. सतरा मिनिटं त्या काहीही बोलल्या नाहीत. एवढी मदत मला आजवर कुणी केली नव्हती, आणि त्या क्षणी मला त्यांचा अतिशय राग आला होता. अठराव्या मिनिटाला मी लिहिलं: 'तलावाच्या पाण्यात पाय ठेवून मुलीकडची माणसं जेवतात.'

पूर्णविराम दिला तसा कागद किंचित हलला आणि शिंकला.

"आला," मॅडम म्हणाल्या. कपाटातून कोरं सेवापुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. रुजू झाल्याचा दिनांक मीच भरला, कारण पेन माझ्या हातात होतं. पदनामाखाली मॅडमनी 'परिवीक्षाधीन' असं लिहायला सांगितलं. रविवारी मी आणखी दोन पानं लिहिली. तो एकूण तीन पानांचा झाला.

सोमवारी सकाळी केंद्र उघडताच त्याच्यावर शिक्का घेतला आणि बोधनकर सरांकडे गेले. केबिनबाहेर रांग होती. सगळ्यांच्या हातात जाडजूड फाइली. माझे तीन कागद मी ओढणीत धरले होते.

सरांनी ते दोन बोटांत उचलले. "हे काय? रजेचा अर्ज?"

"प्रकल्प, सर."

"गवळी तलाव तुझ्याकडे होता ना? बेचाळीस पानी?"

"ते निवृत्त झाले, सर."

"हां, पत्रिका आली होती." सरांनी तीन पानं उलटसुलट केली. "मग हा नवीन. शिक्का आहे, ठीक. पण मी तीस वर्षं गवळी तलावावर सही करतोय बाई. पद्धत असते एक." त्यांनी चष्मा वर केला आणि कागदांनाच विचारलं, "काय रे, तलाव कोठे वसलेला आहे?"

प्रकल्पाचा आवाज अगदी माझ्यासारखा निघाला. पहिल्याच अक्षराला अडखळला. "जे... जेवणाच्या हॉलखाली, सर."

"शहराच्या पूर्वेस."

"पूर्वेसच आहे, सर. पण खाली."

"तीस फाइलींत 'निसर्गाच्या कुशीत' आहे. मी स्वतः बरोबर अशी खूण केलीये त्याला."

"हो, सर," प्रकल्प म्हणाला. मला वाटलं, आता गप्प बसेल. मी गप्प बसले असते. "पण तुम्ही पाहिलाय का, सर?"

सरांनी प्रकल्पाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पूर्वेला पाहिलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती. आधी चादरी, मग पुस्तकं.

सर उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी स्कूटरची किल्ली काढली. रांगेला म्हणाले, "थांबा जरा. तलाव बघून येतो."

मी मागे बसले. प्रकल्प आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि वळणावर घट्ट धरत होता. मंगल कार्यालयात लग्न लागून गेलं होतं, पंगती सुरू होत्या. सनई स्पीकरवर लावलेली. दारात कोट घातलेल्या गृहस्थांनी आमच्यावर अत्तराचं पाणी शिंपडलं आणि हात जोडून विचारलं, "या या. मुलाकडचे की मुलीकडचे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी प्रकल्पाकडे.

"मुलीकडचे," प्रकल्प म्हणाला.

गृहस्थांनी आम्हाला अदबीने शेवटून दुसऱ्या ओळीत नेऊन बसवलं. समोर एक आजी पदर खोचून, पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवून जेवत होत्या. वाढप्याने केळीची पानं मांडली: सरांपुढे, माझ्यापुढे, आणि मधल्या खुर्चीवरच्या प्रकल्पापुढे. वरण-भात आला, मसालेभात आला, अळूचं आलं. जिलबी वाढताना सरांनी घास खाली ठेवला, टेबलाखाली वाकून आपला बूट उचलला आणि तो कितीतरी वेळ पाहिला. बुटातून पाणी बारीक धारेने खाली पडत होतं.

"छान झालंय नाही जेवण?" आजी म्हणाल्या.

"छान झालंय," सर म्हणाले. मग त्यांनी बूट खाली ठेवला, हात पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पेन आहे?"

मी दिलं. त्यांनी माझा हॉल तिकिटाचा फॉर्म मिठाच्या आणि लिंबाच्या बाजूला, पान जरा सरकवून ठेवला आणि सही केली. लिंबाचा एक थेंब सहीवर उडाला, तो त्यांनी टिपला नाही.

वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन आमच्या ओळीत शिरला. चालताना पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. प्रकल्पापाशी थांबून त्याने विचारलं, "घालू?"

प्रकल्पाने माझ्याकडे पाहिलं.

"घे थोडा," मी म्हणाले.